वरिष्ठ पदाची नोकरी शोधताना करिअर कोच नेमके काय करतो?

जळगावच्या एमआयडीसीतील पाइप, ठिबक आणि चटईचे कारखाने, डाळ मिल, दोंडाईचाचा स्टार्च, शिरपूरचे कापड, धुळ्याचे खाद्यतेल अशा उद्योगांत वीस-बावीस वर्षे काढून जनरल मॅनेजर, प्लांट हेड किंवा फायनान्स हेड या पदापर्यंत पोहोचलेली अनेक माणसे खानदेशात आहेत. कारखानदारी आणि तिचे व्यवस्थापन इथे नवे नाही; विप्रोची सुरुवात १९४५ साली अमळनेरच्या वनस्पती तेल-तुपाच्या कारखान्यातून झाली आणि १९८६ साली स्थापन झालेल्या जैन इरिगेशनचे मुख्यालय आजही जळगावातच आहे. तरीही अशा पदावरचा माणूस नोकरी बदलायचे ठरवतो, तेव्हा त्याच्या लक्षात येते की आपण शेवटचा बायोडाटा लग्नाच्या आधी केला होता आणि त्यानंतरच्या सगळ्या बढत्या आपल्याला शेठजींच्या केबिनमध्ये तोंडीच मिळाल्या. मग पुण्यातला एखादा मित्र सुचवतो, की करिअर कोच लाव. हा कोच काय करतो, काय करत नाही आणि त्याच्यावर खर्च करावा की नाही, हे समजून घेण्यासाठी आधी या व्यवहारात कोण कोणाकडून पैसे घेतो ते पाहावे लागते.

वरिष्ठ पदाच्या शोधात तीन प्रकारची माणसे भेटतात आणि तिघांनाही बोलीभाषेत सरसकट ‘कन्सल्टंट’ म्हटले जाते, त्यामुळे घोटाळा होतो. पहिला प्रकार प्लेसमेंट कन्सल्टन्सीचा. ही मंडळी कंपनीला उमेदवार पुरवतात आणि उमेदवार रुजू झाला तरच त्यांना पैसे मिळतात. भारतात हा मोबदला बरेचदा वार्षिक पॅकेजच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याच्या पगाराइतका असतो. दुसरा प्रकार एक्झिक्युटिव्ह सर्च फर्मचा. कॉर्न फेरी, एगॉन झेंडर, स्पेन्सर स्टुअर्ट यांसारख्या संस्था अगदी वरच्या पदांसाठी कंपनीकडून आगाऊ फी घेतात, ती साधारणपणे हप्त्यांत असते, आणि ज्या कंपनीचे काम त्या करतात त्या कंपनीतली माणसे ठरावीक काळ दुसरीकडे न नेण्याचे बंधन पाळतात. या दोन्ही प्रकारांत पैसे देणारी कंपनी असते, म्हणून त्यांची बांधिलकीही कंपनीशीच असते. तुमच्याशी ते कितीही आपुलकीने बोलले, तरी हातात जागा आहे तोवरच तुमचा फोन उचलला जाईल, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही.

तिसरा प्रकार कोचचा, आणि त्याला पैसे तुम्ही देता. सर्व फरक या एका गोष्टीतून निर्माण होतो. कोचच्या हातात रिकामी जागा नसते, कंपन्यांच्या मालकांकडे त्याचा वशिला असण्याचे कारण नसते आणि नोकरी लागली काय, न लागली काय, त्याची फी ठरलेलीच असते. त्यामुळेच तुम्ही ज्या पदासाठी धडपडत आहात ते तुमच्यासाठी योग्य नाही, असे सांगण्याची मोकळीक या तिघांपैकी फक्त त्यालाच असते. जो कोच एकीकडे तुमच्याकडून फी घेतो आणि दुसरीकडे तुम्हाला एखाद्या कंपनीत लावून तिच्याकडूनही मोबदला घेतो, त्याने ही मोकळीक गमावलेली असते. अशा दुहेरी व्यवहाराबद्दल पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारावे. (कंपनीने मोठी कपात करताना जाणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी स्वतःच्या खर्चाने कोच नेमून देण्याची पद्धत मोठ्या कंपन्यांत आहे. तिथे पैसे जुनी कंपनी देते, म्हणून आपले बोलणे तिच्यापर्यंत जाणार नाही याची लेखी खात्री करून घेणे बरे.)

आता प्रत्यक्ष काम. सहसा सहा ते बारा बैठका ठरतात, एकेक बैठक तास-दीड तासाची असते आणि दोन बैठकांमध्ये एक-दोन आठवड्यांचे अंतर राहते, कारण मधल्या काळात उमेदवाराने स्वतः करायचे काम बरेच असते. बैठका व्हिडिओ कॉलवर होत असल्याने कोच पुण्यात की बेंगळुरूत, याने फारसा फरक पडत नाही. माझ्या मते या सगळ्या बैठकांतली सर्वांत मोलाची कोणती असेल, तर ती आपल्या कामाचा हिशेब मांडण्याची.

हा मुद्दा थोडा विस्ताराने सांगायला हवा. समजा, पाइप कारखान्यातला एक सत्तेचाळीस वर्षांचा प्लांट हेड आहे. त्याला ‘तुम्ही काय केले?’ असे विचारले, तर तो सांगतो की प्रॉडक्शन, मेंटेनन्स, डिस्पॅच असे सगळे बघतो, तीनशे माणसे हाताखाली आहेत आणि शेठजींचा पूर्ण विश्वास आहे. यातले एकही वाक्य खोटे नाही, पण परक्या कंपनीच्या संचालकाला त्यातून काहीच कळत नाही, कारण ही जबाबदारीची यादी झाली. त्या जबाबदारीत या माणसाने कोणता निर्णय घेतला ते त्यात नाही. कोच इथे प्रश्नांची सरबत्ती सुरू करतो. एक्स्ट्रुडरवरचा, म्हणजे प्लास्टिक वितळवून पाइप काढणाऱ्या यंत्रावरचा, स्क्रॅप तुम्ही आलात तेव्हा किती टक्के होता आणि आता किती आहे? तो दळून, म्हणजे रिग्राइंड करून, पुन्हा वापरण्याचे प्रमाण कोणी ठरवले? पावसाळ्याआधी शेतकऱ्यांची मागणी एकदम चढते, त्या दोन-तीन महिन्यांसाठी माल आधीच बनवून ठेवायचा की रेझिनचा, म्हणजे पाइपच्या कच्च्या प्लास्टिकचा, भाव उतरण्याची वाट पाहायची, हा जुगार गेल्या पाच वर्षांत कोण खेळले आणि तो किती वेळा फसला? डीलरची उधारी पीक हातात आल्यावरच वसूल होते, मग खेळत्या भांडवलाची तोंडमिळवणी कशी केली? शेठजींनी ‘नको’ म्हटले असताना तुम्ही आग्रह धरला, असे कधी घडले का?

शेवटच्या प्रश्नावर बहुतेक माणसे अडखळतात. मालकाच्या नावाने चालणाऱ्या कारखान्यात ‘मी केले’ म्हणण्याची सवय राहत नाही; ‘शेठजींनी ठरवले, आम्ही राबवले’ ही तिथली रीत असते आणि ती विनयाची असल्यामुळे तिच्यात गैर काही वाटतही नाही. पण मुलाखत घेणाऱ्याला नेमके हेच हवे असते, की निर्णय तुमचा किती, मालकाचा किती आणि संघाचा किती. म्हणून प्रसंग असा मांडायला शिकवतात: परिस्थिती काय होती, माझ्यावर काय सोपवले होते, मी काय केले आणि त्याचा परिणाम आकड्यांत काय झाला. असे आठ-दहा प्रसंग तयार झाले की त्यांतूनच दोन पानांचा सीव्ही, लिंक्डइनवरचा परिचय आणि मुलाखतीतली उत्तरे ही तिन्ही कामे बरीचशी उरकतात. आकडा आठवत नसेल तर तो अंदाजे असल्याचे सांगून द्यावा, फुगवू मात्र नये, कारण वरिष्ठ पदाच्या नेमणुकीत जुन्या सहकाऱ्यांकडे, पुरवठादारांकडे आणि डीलरांकडेही चौकशी होते.

हे काम कोणत्या भाषेत करायचे, हाही विचार करावा. घरी अहिराणी किंवा लेवा बोली, कारखान्यात मराठी-हिंदी आणि ईमेल इंग्रजीत, असे ज्याचे आयुष्य गेले आहे, त्याला थेट इंग्रजीत बसवले तर तो पाठ केल्यासारखे सपक बोलतो. प्रसंग आधी मराठीत मोकळेपणाने सांगावेत, त्यांतला कस पकडावा आणि मगच ते इंग्रजीत मांडण्याचा सराव करावा. त्यामुळे मराठी समजणारा कोच मिळाला तर पहिल्या दोन-तीन बैठकांतच फरक जाणवतो.

दुसरे मोठे काम म्हणजे नोकरी कुठे शोधायची ते ठरवणे. खानदेशात वरिष्ठ पदे मोजकी आहेत, आणि मालकी घराण्यात असलेल्या कंपन्यांत सर्वांत वरची खुर्ची पुढच्या पिढीसाठी राखलेली असते. त्यामुळे ‘वाढ हवी’ एवढ्याने भागत नाही. मोठ्या कंपनीत दुसऱ्या फळीत बसायचे, की लहान कंपनीत पहिल्या खुर्चीवर, याचे उत्तर आधी द्यावे लागते. भूगोलाचा प्रश्नही त्यात गुंतलेला आहे. भुसावळ–सुरत रेल्वेमार्गामुळे जळगाव, अमळनेर आणि नंदुरबारच्या माणसाला सुरत, अंकलेश्वर, वापी हा पट्टा जवळचा आहे; मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर महामार्ग जिथे एकत्र येतात त्या धुळ्याहून नाशिक गाठणे सोपे आहे; आणि पुणे आहेच. मात्र गावाकडे केळीची बाग आहे, आई-वडील आहेत, मुलगी दहावीत आहे, अशा स्थितीत शनिवार-रविवार ये-जा करून किती वर्षे निघतील, हा प्रश्न कोच मोकळेपणाने विचारतो, आणि तो ऑफर हातात आल्यावर विचारण्यापेक्षा सुरुवातीलाच विचारलेला बरा. मी तर म्हणेन की दुसऱ्या बैठकीपूर्वी घरात बसून ही चर्चा संपवावी. कोचसमोर एक आणि घरात दुसरेच, असे झाले की फी वाया जाते.

यातून तीस-चाळीस कंपन्यांची यादी निघते, आणि मग ओळखींचा विषय येतो. वरची पदे भरताना जाहिरात देण्याऐवजी विचारपूस करण्याकडे कंपन्यांचा कल असतो, हे सर्वांना ठाऊक आहे. पण कोणत्या ओळखी उपयोगी पडतात, याबद्दल बहुतेकांची समजूत उलटी असते. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, बोस्टनजवळच्या एका उपनगरातील ज्या नोकरदारांना ओळखीतून नोकरी मिळाली होती, त्यांना विचारले की तो ओळखीचा माणूस तुम्हाला किती वेळा भेटत असे. वरचेवर भेटणारे १६.७ टक्के निघाले, अधूनमधून भेटणारे ५५.६ टक्के आणि क्वचित भेटणारे २७.८ टक्के. लिंक्डइनच्या दोन कोटींहून अधिक सदस्यांवर पाच वर्षे केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष २०२२ साली आले, आणि तेही साधारण याच दिशेचे होते. फक्त त्यात अगदी तुटक ओळखींपेक्षा मधल्या, जेमतेम संपर्क असलेल्या ओळखी अधिक उपयोगी ठरल्या.

कारण समजण्यासारखे आहे. मेहुणा, शेजारी, समाजातली मंडळी आणि रोज सोबत फिरायला येणारा मित्र यांना जे माहीत असते ते तुम्हालाही माहीत असते. नवी बातमी येते ती दुसऱ्या वर्तुळातून: मशीन पुरवणाऱ्या कंपनीचा एरिया मॅनेजर, रेझिन विकणारा प्रतिनिधी, स्टॅट्युटरी ऑडिटर, बँकेचा बदलून गेलेला अधिकारी, दहा वर्षांपूर्वी हाताखाली ट्रेनी म्हणून आलेला आणि आता वापीत प्लांट सांभाळणारा इंजिनिअर. अशी नावे आठवून काढणे आणि त्यांच्याशी बोलण्याची आखणी करणे, हे कोच गृहपाठ म्हणून देतो. बोलताना नोकरी मागायची नसते. त्या उद्योगात काय चालले आहे, कोण विस्तार करते आहे, माझ्यासारख्या माणसाचा उपयोग कुठे होईल, एवढेच विचारायचे असते. ज्याने आयुष्यभर डीलरच्या ओट्यावर बसून चहा घेतला आहे, त्याला हे जमायला हरकत नाही. स्वतःसाठी शब्द टाकताना जीभ अडते, एवढेच.

गुप्ततेचा प्रश्न मात्र आपल्याकडे पुण्या-मुंबईपेक्षा बिकट आहे. जळगावात सकाळी कोणाला भेटलात ते संध्याकाळपर्यंत शेठजींना कळू शकते. म्हणून स्थानिक उद्योगांतील ओळखी शेवटी ठेवाव्यात, संपर्कासाठी खासगी ईमेल आणि मोबाइल वापरावा, कंपनीचा लॅपटॉप वापरू नये, आणि लिंक्डइनवर ‘फक्त रिक्रूटरना दिसावे’ ही सोय निवडली तरी ती पूर्ण गुप्ततेची हमी नाही, हे ध्यानात ठेवावे. सीव्ही कोणत्याही कंपनीला पाठवण्याआधी मला विचारा, असे प्रत्येक कन्सल्टन्सीला लेखी कळवावे. नाहीतर आपलाच कागद फिरून आपल्याच एचआरच्या टेबलावर यायचा.

मुलाखतीच्या तयारीबद्दल एकच गोष्ट सांगतो. कॉर्पोरेट कंपनीत चार-पाच फेऱ्या, मानसशास्त्रीय चाचण्या आणि एखादे सादरीकरण असते, त्याचा सराव बहुतेक कोच चांगला करून घेतात. मालकाच्या कंपनीत मात्र एकाच भेटीत, कधी जेवणाच्या टेबलावर, सारे ठरते. गाव कोणते, वडील काय करत, आधीच्या शेठना का सोडताय, अशा प्रश्नांतून मालक तुमचा स्वभाव जोखत असतो. ज्या कोचने फक्त बहुराष्ट्रीय कंपन्यांत काम केले आहे त्याला या भेटीची नाडी कळत नाही. तुमच्या यादीत घराण्याच्या कंपन्या जास्त असतील, तर कोच निवडतानाच ही विचारणा करावी.

ऑफर आली की कोचची गरज पुन्हा वाढते, कारण बावीस वर्षे एकाच ठिकाणी राहिलेल्या माणसाला पगाराची बोलणी करण्याची सवय नसते. समजा, नव्या कंपनीने तीस लाखांचे वार्षिक पॅकेज सांगितले. त्यात सहा लाख कामगिरीवर अवलंबून असतील, मूळ वेतन पंधरा लाख असेल, तर त्याच्या बारा टक्के म्हणजे एक लाख ऐंशी हजार रुपये कंपनीच्या भविष्य निर्वाह निधीच्या हिश्श्याचे आणि ४.८१ टक्के म्हणजे सुमारे बाहत्तर हजार रुपये ग्रॅच्युइटीचे धरलेले असू शकतात. उरतात साधारण साडेएकवीस लाख, आणि त्यातूनही तुमचा स्वतःचा निधीचा हिस्सा व प्राप्तिकर जायचा असतो. ग्रॅच्युइटी कायम कर्मचाऱ्याला साधारणपणे पाच वर्षांच्या सलग सेवेनंतरच मिळते. जळगावात स्वतःचे घर आणि कंपनीची गाडी असताना, पुण्यात भाड्याने राहून हे साडेएकवीस लाख किती उरतात, याचा हिशेब कागदावर केल्याशिवाय ‘तीस लाख’ या आकड्यावर हुरळून जाऊ नये. कामगिरीची रक्कम मागील दोन वर्षांत इतरांना प्रत्यक्ष किती टक्के मिळाली, हे विचारायला संकोच नसावा.

नोटीस पिरियड वरिष्ठ पदांवर बहुधा तीन महिन्यांचा असतो. सर्चची प्रक्रिया तीन-चार महिने चालते, म्हणून पहिल्या बोलण्यापासून नव्या खुर्चीपर्यंत सहा-आठ महिने सहज जातात. काही मालक नेमणूकपत्रात ‘दोन वर्षे स्पर्धक कंपनीत जाणार नाही’ अशी अट घालतात. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार नोकरी सोडल्यानंतरची अशी बंदी सामान्यतः टिकत नाही. मात्र गोपनीय माहिती, ग्राहकांच्या याद्या आणि नोटीस यांविषयीच्या अटींचे पालन करावेच लागते. यावर कोचचे मत चालणार नाही, वकिलालाच विचारावे. तसेच नोकरी गेल्यामुळे झोप उडाली असेल किंवा मन सतत खचलेले असेल, तर ते काम डॉक्टरांचे किंवा समुपदेशकाचे आहे, आणि चांगला कोच हे स्वतःहून सांगतो.

चांगला कोच ओळखायचा कसा? भारतात कोच म्हणवून घ्यायला परवाना लागत नाही. कोणीही पाटी लावू शकतो. निदान एक मोजमाप म्हणून १९९५ साली सुरू झालेल्या इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनची तीन चढत्या पातळ्यांची प्रमाणपत्रे पाहता येतात: एसीसीसाठी किमान ६० तासांचे प्रशिक्षण आणि १०० तासांचा अनुभव, पीसीसीसाठी १२५ आणि ५०० तास, एमसीसीसाठी २०० आणि २,५०० तास. दर तीन वर्षांनी त्यांचे नूतनीकरण करावे लागते. प्रमाणपत्र असले म्हणजे त्या माणसाला तुमचा उद्योग कळतो असे नव्हे, आणि नसले म्हणजे तो वाईट असेही नव्हे. पण प्रमाणपत्रही नाही आणि वरिष्ठ पदांच्या नेमणुकांचा अनुभवही नाही, तर मग पैसे कशाचे द्यायचे? पहिली ओळखभेट बहुतेक कोच विनामूल्य देतात. त्या भेटीत तो बोलला किती आणि त्याने विचारले किती, याकडे लक्ष द्यावे.

फी कधी तासावर, कधी पूर्ण मालिकेवर आकारली जाते, आणि कोच जीएसटीखाली नोंदणीकृत असेल तर तिच्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. पूर्ण रक्कम आगाऊ देऊ नये. बैठका किती, मध्येच थांबल्यास परतावा किती, हे कागदावर असावे. ‘नोकरीची हमी’, ‘आतली ओळख’, ‘पहिल्या पगाराचा हिस्सा द्या’ यांपैकी काहीही ऐकू आले तर तिथून निघावे. आणि हेही सांगायला हवे की प्रत्येकाला कोच लागतोच असे नाही. ज्याचे क्षेत्र तेच राहणार आहे, ज्याला दोन कंपन्यांनी स्वतःहून बोलावले आहे आणि ज्याचा जुना बॉस मोकळेपणाने सल्ला देतो, त्याने सीव्ही नीट लिहवून घेतला तरी पुरे. क्षेत्र, गाव किंवा पद यांपैकी किमान एक बदलत असेल, किंवा वीसेक वर्षांत एकही मुलाखत दिली नसेल, तर मात्र खर्च वसूल होण्याची शक्यता अधिक.

रुजू झाल्यावर पहिल्या तीन महिन्यांसाठी एक-दोन बैठका राखून ठेवाव्यात, कारण नव्या ठिकाणी कोणाचा शब्द चालतो हे कळायला तेवढा काळ लागतोच. त्यानंतर काम संपल्याचे कोचला स्पष्ट कळवावे आणि त्याच्याकडे गेलेल्या पगारपत्रिका, ऑफर लेटरच्या प्रती आणि जुन्या कारखान्याचे आकडे असलेली टिपणे काढून टाकल्याचे लेखी उत्तर मागावे.